उलटा ठेवायचा केक

आज एका केकची गोष्ट सांगायची आहे. हा केक ओव्हनमधून काढल्या काढल्या साच्यासकट उलटा करून ठेवतात. असं का, हे समजेपर्यंत आमचे तीन केक वाया गेले आणि गटात दोन दिवस अबोला झाला.

आमच्या गटाकडे नानकटाई, बिस्किटं, साधा स्पंज केक ही कामं नेहमीची. यंदा शहरातल्या एका जपानी भाषेच्या वर्गातून विचारणा आली. त्यांच्या कार्यक्रमाला सहा ‘होजिचा शिफॉन केक’ हवे होते. नाव ऐकून आमच्यातली एक म्हणाली, “हा होजी कोण, आणि त्याचाच केक कशाला?” सगळ्या पोट धरून हसलो. मग कळलं, तो ‘चा’ म्हणजे चहाच. जपानी ‘चा’ आणि आपला ‘चहा’, दोघांचंही मूळ चिनी. होजिचा म्हणजे भाजलेला हिरवा चहा.

क्योतो शहरातल्या चहाच्या व्यापाऱ्यांनी १९२०च्या दशकात तो प्रचारात आणला असं सांगतात. जाड पानं आणि देठ खरपूस भाजायचे. भाजल्यावर कडवटपणा कमी होतो, म्हणून तिकडे तो जेवणानंतर, अगदी मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही देतात. घरी भाजायला त्यांच्याकडे होरोकु नावाचं मातीचं उथळ भांडं असतं. हे ऐकलं आणि आमच्या जुन्या बायकांचे डोळे चमकले. हे तर आपलं खापर!

जपानहून आलेली होजिचाची पूड फार महाग पडत होती. वर्गातल्या बाईंना स्पष्ट विचारलं, आम्ही इथला साधा हिरवा चहा भाजून घातला तर चालेल का? त्यांनी आधी चव बघायला मागितली आणि मग हो म्हटलं. चव अगदी तीच येत नाही, पण जवळ जाते.

चहा सुटा घ्या, लिंबू-तुळस घातलेला नको. जाड बुडाच्या कोरड्या कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजा. कढईला फोडणीचा वास नको, चहा तो लगेच ओढून घेतो. चार-पाच मिनिटांत हिरवा रंग जाऊन बदामी होतो. इथे घड्याळ कामाचं नाही, नाक कामाचं. भाजणी करताना डाळीला वास सुटला की हात आपोआप थांबतो ना, तसंच. धुराची पहिली रेघ दिसायच्या आत ताटात पसरा. कढईतच राहिला तर विस्तव बंद केल्यावरही करपतो. गार झाल्यावर बारीक वाटा आणि चाळा, नाहीतर दाताखाली कचकच येते.

आता केक. मधे नळी असलेला, सतरा सेंटिमीटरचा साचा घ्या. चार अंडी, ७५ ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम साखर, ४० मिली वास नसलेलं तेल, ६० मिली दूध आणि ८ ग्रॅम चहाची पूड. पिवळ्या बलकात तिसरा हिस्सा साखर फेटा, मग तेल, दूध, आणि एकत्र चाळलेला मैदा व पूड. पांढरा बलक वेगळ्या, कोरड्या स्टीलच्या भांड्यात. त्यात पिवळ्याचा एक थेंब गेला तरी फेस धरत नाही. लिंबाचे चार थेंब टाकून फेटा, उरलेली साखर थोडी थोडी घाला. भांडं उलटं केलं तरी फेस हलता कामा नये. तो तीन वेळा करून पिठात हलक्या हातानं, खालून वर मिसळा. १७० अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटं.

आमचं चुकलं कुठे? आमच्या एका ताईंनी सवयीनं, मायेनं म्हणा, साच्याला तेलाचा हात फिरवला होता. केक फुगला छान, पण बाहेर काढून उलटा केल्यावर ओट्यावर धपकन पडला. पुढचे दोन आम्ही भीतीनं सुलटेच ठेवले, ते अर्धे बसले. बारा अंडी गेली. ताई रडल्या, कुणी काही बोलल्या, ते आता नको.

खरं असं की या केकमध्ये मैदा कमी आणि हवा जास्त. पीठ साच्याच्या कोरड्या भिंतीला धरून वर चढतं. तेल लावलं की घसरतं. गरम असताना सुलटा ठेवला तर स्वतःच्याच वजनानं दबतो. म्हणून तेल नाही, न चिकटणारा साचाही नाही. नळी बाटलीच्या तोंडावर अडकवून उलटा ठेवा, पूर्ण गार होईपर्यंत, दोन-तीन तास. मग पातळ सुरी कडेनं फिरवून सोडवा. हा केक पहिल्यांदा १९२७ साली लॉस एंजेलिसमध्ये हॅरी बेकर नावाच्या विमा एजंटानं केला आणि कृती वीस वर्षं कुणाला सांगितली नाही. आम्ही मात्र सगळी सांगून टाकली!

चौथा साचा त्याच ताईंच्या हातात दिला. फडक्यानं पुसून पुसून कोरडा केला त्यांनी. सहाही केक वेळेवर गेले. वीज मधे गेली असती तर काय केलं असतं, विचारू नका.

हिशोबाला बसलो तेव्हा दुसरी चूक दिसली. अंडी, मैदा, चहा, वीज सगळं लिहिलं होतं. चहा भाजणं, चाळणं, फेटणं, केक गार होईपर्यंत थांबणं, यातलं काहीच लिहिलं नव्हतं. वर्गाकडून पुन्हा विचारणा आली आहे. या वेळी दर सांगण्याआधी वहीत पहिल्या ओळीला आमचे तास लिहिले, आणि ती वही सध्या ताईंकडे आहे.