रुग्णालयाच्या दारापूर्वीचा उपचार



आपत्कालीन वैद्यकीय सेवकांची ही परिषद उल्हास नदीकाठच्या मोहन्यात भरत आहे, याचे स्वागत समितीला विशेष समाधान आहे. कारण २००९ साली बंद पडलेल्या एनआरसी कारखान्याभोवती वाढलेल्या या वस्तीपासून कल्याणची रुग्णालये नकाशावर जवळ दिसत असली, तरी शहाडच्या बाजूची वाहतूक तुंबली की ते अंतर मिनिटांतच मोजावे लागते. त्या मिनिटांत रुग्णाजवळ कोण आहे आणि त्याला काय करता येते, यावर पुढचे बरेच काही ठरते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक, म्हणजे कृत्रिम श्वसनयंत्र आणि हृदयाला विद्युतझटका देणारे यंत्र बाळगणाऱ्या, तर उरलेल्या ७०४ मूलभूत जीवरक्षक होत्या. गाडीवर डॉक्टर असावा, हे धोरण राज्याने स्वीकारले आणि त्याचा लाभ असंख्य रुग्णांना झाला. मात्र इतर अनेक राज्यांत हेच काम पेलणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञाची स्वतंत्र ओळख त्यामुळे येथे मागे राहिली, असे स्वागत समितीचे स्पष्ट मत आहे.

हे काम म्हणजे रुग्णाला उचलून नेणे, हा समज अजून गेलेला नाही. हृदय बंद पडलेल्या प्रौढाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहणे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, हे दोन मिनिटांत हात थकवणारे काम आहे, म्हणून माणसे आलटून पालटून ते करतात. अपघातात मांडीतून रक्ताची धार लागली असेल, तर आधी ती थांबवावी लागते. दाबून ती थांबली नाही, तर जखमेच्या वर आवळपट्टा, म्हणजे रक्तप्रवाह रोखणारा पट्टा, बांधून तो कोणत्या वेळी आवळला हे ठळक लिहिले जाते. कारण पट्टा फार काळ राहिल्यास पायालाच धोका असतो आणि रुग्णालयातील शल्यविशारदाला पहिल्यांदा तीच वेळ हवी असते.

कल्याण-डोंबिवलीकरांना याहून कठीण कसोटी ठाऊक आहे. डोंबिवली एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यांत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले, तेव्हा दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अशा वेळी काच लागून रक्तबंबाळ झालेला माणूस ओरडत समोर येतो, आणि श्वास मंदावलेला माणूस कोपऱ्यात गप्प पडलेला असतो. जखमींची तातडीनुसार वर्गवारी करून लाल, पिवळी, हिरवी वा काळी खूणपट्टी लावणाऱ्याला त्या गप्प माणसाकडे आधी जावे लागते, तेही सभोवती नातलगांचा आक्रोश चालू असताना. हे पुस्तकातून येत नाही. वारंवार सराव आणि अनुभवी सहकाऱ्याची सोबत, यांतूनच ते अंगी बाणते.

जुलै २०१९ मध्ये याच उल्हासच्या पुराने बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून धरली. सुटका झालेल्या सुमारे एक हजार प्रवाशांत गर्भवती स्त्रियाही होत्या. पाण्यातून माणूस बाहेर काढणे आणि बाहेर आलेल्या माणसाची तपासणी, ही दोन कामे परस्परांशी कशी जोडावीत, याचा विचार नदीकाठच्या प्रत्येक गावाला करावा लागणार आहे.

संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापणाऱ्या २०२१ च्या कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांनाही व्यावसायिक म्हणून मान्यता दिली असून अभ्यासक्रम आणि नोंदणी यांची चौकट आखली आहे. ती प्रत्यक्षात उतरताना वेतन, पाळीचे तास, पुनर्प्रशिक्षण आणि रुग्ण सोपवताना तंत्रज्ञाचे म्हणणे ऐकून घेण्याची रुग्णालयांची रीत, या चार बाबींवर परिषदेने निःसंकोच बोलावे, अशी विनंती करून स्वागत समिती समस्त मोहनेकरांच्या वतीने सर्व प्रतिनिधींचे, आणि गाडी चालवून शिवाय स्ट्रेचरलाही खांदा देणाऱ्या चालकांचेही, मनःपूर्वक स्वागत करीत आहे.