एक रुग्ण, दोन आजार



मधुमेहाचे निदान रक्ताच्या तपासणीने होते. मनाच्या आजारासाठी अशी तपासणी आजही उपलब्ध नाही. रुग्णाचे बोलणे, त्याचे वागणे आणि घरच्यांनी सांगितलेली हकिकत, एवढ्यावरच डॉक्टरांना निर्णय घ्यावा लागतो. शिवाय लक्षणे एकमेकांत मिसळलेली असतात. झोप नैराश्यात उडते, चिंतेत उडते आणि उन्मादातही उडते. मात्र उन्मादात दोन-तीन तास झोपूनही थकवा जाणवत नाही. हा बारकावा कोणी विचारला नाही तर निदान चुकते.

क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरांनी १८९९ साली छिन्नमनस्कता आणि मनःस्थितीच्या चढउताराचा आजार यांत सीमारेषा आखली. १९३३ साली अमेरिकेत जेकब कासानिन यांनी दोहोंची लक्षणे एकत्र असलेले रुग्ण दाखवून दिले. पुढे न्यूयॉर्क व लंडन येथील रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास झाला, तो १९७२ साली ग्रंथरूपाने आला. छिन्नमनस्कतेचे निदान न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत कितीतरी अधिक होत असे. एकाच पद्धतीने प्रश्न विचारल्यावर हा फरक बहुतांशी नाहीसा झाला. म्हणजे रुग्ण सारखेच होते, डॉक्टरांची दृष्टी निराळी होती!

ही केवळ नावांची चर्चा नव्हे. द्विध्रुवी विकाराचा रुग्ण बहुधा नैराश्याच्या काळातच डॉक्टरकडे जातो. त्याला निव्वळ नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. थायरॉईडची कमतरताही नैराश्यासारखी दिसते. मद्यपान चालू असेल तर ते थांबवून काही आठवडे गेल्याशिवाय मूळ आजार कोणता हे नीट कळत नाही.

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते. आई “डोके जड झाले, छातीत धडधडते” एवढेच सांगते आणि मुलगा त्याचे इंग्रजी करतो. मुलासमोर आई मरणाचे विचार बोलून दाखवील काय? ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत दुभाषा विनामूल्य मिळतो; तो मराठीच हवा, हिंदीवर भागवू नका, असे आम्ही आग्रहाने सांगतो. तसेच मागे कधी मुलगा रात्र-रात्र जागून उधळपट्टी करीत होता, ते “तेव्हा तो फार उत्साहात होता” म्हणून आपण गाळतो. नेमके तेच सांगावयाचे असते. महिना, वर्ष, झोपेचे तास, घेतलेली औषधे, सारे वहीत लिहून ती वही पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी.