पुरुषांच्या भुवया

भुवया कोरणे हा केवळ स्त्रियांचा शृंगार, अशी आपली समजूत. परंतु बीदर जिल्ह्यातील संतपूरकडे काय, किंवा अन्यत्र काय, दाढी आटोपल्यावर वयस्क गिऱ्हाइकाच्या भुवयांवरून न्हावी न विचारताच कात्री फिरवतो! याच जिल्ह्यातील कल्याण नगरीत बाराव्या शतकात बसवेश्वरांचे सहकारी हडपद अप्पण्णा होऊन गेले. कर्नाटकातील न्हावी समाज त्यांना आपले मानतो.

कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू न देणे हे भुवईचे काम. म्हणून ती फार विरळ करू नये. केस फणीने वर विंचरून कडेबाहेर जातील तेवढेच छाटावेत. दोन भुवयांमधील चुकार केस चिमट्याने, वाढीच्याच दिशेने उपटावेत. वस्तरा तेथे नकोच. हात चुकला, तर उणीव भरून येण्यास काही महिने लागतात.

काहींच्या भुवया मात्र बाहेरच्या टोकाकडून आपोआप झडू लागतात. काजळाची रेघ ओढून हे झाकणे घातक ठरते. थायरॉइड ग्रंथी मंदावल्याने असे होते; क्वचित कुष्ठरोगानेही. या रोगावर १९८२ पासून बहुविध औषधोपचार प्रचारात आला. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. विलंब झाला, तर मात्र हातापायांचे व्यंग कायमचे राहू शकते. ही झड पुष्कळदा घरच्यांआधी न्हाव्याच्याच दृष्टीस पडते. त्याने ती चारचौघांत न बोलता गिऱ्हाइकाच्या कानाशी सांगावी.