घड्याळ कुणाचं?



सहाची सभा सात वाजता सुरू होते, तेव्हा कुणीतरी हसत म्हणतं, ‘इंडियन टाइम!’ हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे, कधी ना कधी केलाही आहे. पण त्यात एक गृहीत दडलेलं असतं. वेळ पाळणं हा पाश्चात्त्यांचा गुण आणि तोच आधुनिक. वेळ न पाळणं हा आपला स्वभाव आणि तो मागासलेला. संस्कृती, सत्ता आणि आधुनिकता यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या साठेक वर्षांत नेमक्या अशाच गृहीतांना प्रश्न विचारले. त्यांची पुस्तकं अंमळ जड असतात, ती वर्गात शिकवताना मला हे रोज जाणवतं. म्हणून आज मी एकच साधी वस्तू घेऊन बोलणार आहे. भिंतीवरचं घड्याळ.

सुरुवात इंग्लंडपासून करू. ई. पी. थॉम्प्सन या इतिहासकारानं १९६७ साली वेळ आणि कामाची शिस्त या विषयावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की इंग्रज माणूसही जन्मतः घड्याळाचा भक्त नव्हता. शेतकरी, कोळी, घरी माग चालवणारा विणकर हे सगळे कामाच्या गतीनं जगत. काम आलं की रात्रंदिवस राबायचं, संपलं की आराम. अनेक कारागीर तर रविवारला जोडून सोमवारही सुटीचाच मानत. कारखाने आले तेव्हा या माणसांना घड्याळाची सवय लावावी लागली. त्यासाठी दंड होते, घंटा होत्या, चर्चमधली प्रवचनं होती, शाळा होत्या. काही गिरण्यांत सकाळी घड्याळ पुढे आणि संध्याकाळी मागे केलं जाई, आणि कामगाराला स्वतःचं घड्याळ जवळ ठेवायची मनाई असे. म्हणजे ज्याला आपण ‘इंग्रजांचा वक्तशीरपणा’ म्हणतो, तो त्यांच्याही अंगात दोन-तीन पिढ्या खपून मुरवला गेला.

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यानं १९७५ च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट वेगळ्या बाजूनं मांडली. त्याच्या मते वेळापत्रक ही मुळात मठांतली व्यवस्था. तिथून ती शाळेत, लष्करी छावणीत, इस्पितळात आणि कारखान्यात गेली. सत्ता नेहमी दंडुका घेऊनच येते असं नाही. किती वाजता उठायचं, किती वाजता जेवायचं हे ठरवूनही ती आपल्या अंगात शिरते. पुढे पुढे तर आपणच स्वतःवर पहारा करू लागतो.

मग प्रश्न येतो, आपल्याकडे वेळेचं भान नव्हतं का? होतं, आणि चांगलं बारकाईचं होतं. दिवसाच्या साठ घटिका, एक घटिका चोवीस मिनिटांची. पाण्यावर तरंगणारं, तळाला बारीक भोक असलेलं घटिकापात्र भरून बुडालं की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त याच पात्रावर साधला जाई. फरक अचूकतेचा नव्हता. मुहूर्तासाठी पळापळाचा हिशोब करणारा समाज रोजच्या कामासाठी मात्र सूर्याकडे पाहत होता. अचूक वेळ कशासाठी लागते आणि कुणाला लागते, हा खरा फरक.

जपानचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. तिथे दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग करत. उन्हाळ्यात दिवसाचा तास लांबे, हिवाळ्यात आखडे. युरोपातून यांत्रिक घड्याळं आली तेव्हा जपानी कारागिरांनी आपली वेळ बदलली नाही. त्यांनी घड्याळंच बदलली आणि ऋतूप्रमाणे तास लहान-मोठे दाखवणारी यंत्रं तयार केली. जवळजवळ अडीचशे वर्षं हे चाललं. पुढे मेइजी सरकारनं १ जानेवारी १८७३ पासून युरोपीय कालगणना आणि समान लांबीचे तास लागू केले. त्यामागे आधुनिक राष्ट्र होण्याची ओढ होती, आणि एक अगदी व्यवहारी हिशोबही होता. जुन्या पंचांगाप्रमाणे ते वर्ष अधिक महिन्याचं होतं, म्हणजे सरकारला नोकरांचे तेरा पगार द्यावे लागले असते! जपानवर कुणा परक्याचं राज्य नव्हतं. तरीही वेळ बदलली ती वरूनच, सरकारी हुकुमानं.

आणि आता आपली मुंबई. १८८४ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ग्रिनिच हे जगाचं मूळ रेखावृत्त ठरलं. पण मुंबईत वेळेचा वाद त्याआधीच पेटला होता. रेल्वे चालत होती मद्रासच्या वेळेवर, शहर चालत होतं मुंबईच्या वेळेवर. दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मद्रासची वेळ लागू केली. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, तेच हे गृहस्थ. शहरानं इतकी कुरकुर केली, की दोनेक वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. दिवस कोणते होते तेही लक्षात घ्या. तीनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती आणि स्वदेशीचं वारं सुटलं होतं. त्याच जानेवारीत मुंबईतले हजारो गिरणी कामगार नव्या वेळेविरुद्ध उठले. काम बंद पडलं, गिरण्यांवर दगड पडले. शहरात सभा झाल्या, हजारो सह्यांचे अर्ज गेले.

सुशिक्षितांच्या दृष्टीनं हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. सूर्य मुंबईवर उगवतो तो मुंबईच्या वेळेला, सरकारच्या नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. कामगाराचं दुखणं अधिक रोकडं होतं. घड्याळ ३९ मिनिटं पुढे सरकलं, म्हणजे पहाटे तेवढं लवकर, अंधारात घराबाहेर पडायचं. आणि संध्याकाळी? गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. सूर्य मावळला की काम थांबणार, ही जुनी खात्री राहिली नव्हती. ज्याच्या खिशात घड्याळ नाही, त्यानं मालकाच्या घड्याळावर विश्वास का ठेवावा?

नगरपालिकेनंही आपल्या घड्याळांत मुंबई टाइमच ठेवला. पुढची कित्येक वर्षं स्टेशनात एक वेळ आणि नगरपालिकेच्या घड्याळात दुसरी. मुंबई टाइमनं निरोप घेतला तो स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात. जुन्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या वेळेपुढे ‘स्टॅ. टा.’ ही अक्षरं कधी दिसली, तर ती याच भानगडीची खूण समजा.

तर मग कामगार आधुनिकतेच्या विरोधात होते का? इथे मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला. मागण्या काय होत्या? रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ही मागणी नीट पाहा. साडेसहा हा घड्याळाचा आकडा, सूर्यास्त हा निसर्गाचा. रविवार इंग्रजांच्या चर्चचा, तसा आपल्या खंडोबाचाही. लोखंड्यांनी घड्याळ नाकारलं नाही. त्याच घड्याळात त्यांनी माणसाचा वाटा मागितला.

थॉम्प्सननं इंग्लंडबद्दल असंच लिहिलं आहे. कामगारांची पहिली पिढी मालकाकडून वेळेचं मोल शिकली, दुसरी दिवसाचे तास कमी करण्यासाठी लढली आणि तिसरी जादा कामाचे जादा पैसे मागू लागली. आधुनिकता वरून लादली जाते हे खरं. पण ज्यांच्यावर ती लादली जाते, ती माणसं तिला आपल्या परीनं वळवतात हेही तितकंच खरं. हा दुसरा भाग विसरला तर सत्तेची सगळी चर्चा नुसती हतबलतेची होते.

ही गोष्ट संपलेली नाही. आपला देश पूर्व-पश्चिम सुमारे २९ अंश पसरला आहे, म्हणजे सूर्याच्या हिशोबानं जवळजवळ दोन तास. आसामच्या चहामळ्यांत इंग्रजांच्या काळापासून ‘बागान टाइम’ आहे, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. मळेवाल्यांना उजेडाचा पुरेपूर उपयोग हवा होता, म्हणून तिथे वेळ लवचीक झाली. ईशान्येकडचे लोक मात्र स्वतंत्र वेळेची मागणी अनेक वर्षं करत आहेत. २०१८ साली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीही देशात दोन वेळा असाव्यात असं सुचवलं, तरी ती मागणी पदरात पडलेली नाही. तिकडे चीनमध्ये १९४९ पासून सगळ्या देशाला बीजिंगची वेळ आहे. पश्चिमेकडच्या शिंजियांगमध्ये अनेक उइघुर माणसं आपसांत दोन तास मागची वेळ धरतात. किती वाजले, या साध्या प्रश्नाच्या उत्तरावरून तिथे माणूस कोणत्या बाजूचा, ते कळू शकतं.

आणि आपल्या शहरांत? गिरणगावचा भोंगा १९८२ च्या संपानंतर हळूहळू मुका झाला. आता भोंगा खिशात असतो. पुण्यातली एखादी मुलगी अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रभर जागते. मिनिटांत घरपोच वस्तू आणणाऱ्या पोराच्या पडद्यावर क्षणाक्षणाचा हिशोब चालू असतो, आणि तो हिशोब मांडणारं घड्याळ कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, हे त्याला दिसतसुद्धा नाही. घरी दोन वेळचा स्वयंपाक, पाणी भरणं, म्हाताऱ्यांची औषधं सांभाळणाऱ्या बाईच्या तासांची तर कुठल्याच मस्टरवर नोंद नाही.

म्हणून मला वाटतं, एखाद्याला उशीर झाला की त्याच्या संस्कृतीला नाव ठेवण्याआधी आपण दोन प्रश्न विचारावेत. ही वेळ कुणी ठरवली? आणि ती पाळल्यानं कुणाचा वेळ वाचतो, कुणाचा जातो? वेळ पाळावीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वाट पाहायला नेहमी ठरावीकच माणसं लावली जातात. रेशनच्या रांगेत, सरकारी कचेरीच्या बाकावर, इस्पितळाच्या व्हरांड्यात ती बसलेली दिसतात. त्यांचे गेलेले तास कोणत्या घड्याळात मोजायचे, हा लोखंड्यांचा प्रश्न आजही तसाच उभा आहे.