नाताळची गोष्ट आणि माझ्या शंका
(मंडळाच्या डिसेंबरच्या मासिक सभेत केलेले भाषण)



सभेत उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चिटणीसबाई घरी येऊन म्हणाल्या, "तुमचा नाताळ आलाय, त्यावर चार शब्द बोला." मी म्हटले, मी करंज्या करून आणते, भाषण तेवढे नको. त्या म्हणाल्या, दोन्ही आणा. म्हणून दोन्ही आणले आहे. भाषण कसेही झाले तरी करंज्या बऱ्या झाल्या आहेत.

नाताळची गोष्ट तुम्हां सर्वांना साधारण ठाऊक आहे. गव्हाणीतले बाळ, मेंढपाळ, तारा. आमच्या घरचा देखावा पाहायला तुम्ही दरवर्षी मुलांना घेऊन येता. त्या देखाव्यात सगळी मातीची माणसे हात जोडून, मान लववून उभी असतात. एकाच्याही तोंडावर शंका दिसत नाही. पुस्तकात मात्र तसे नाही. पुस्तकात यांतला जवळजवळ प्रत्येकजण आधी घाबरतो, गोंधळतो, हे कसे होणार म्हणून विचारतो. त्या माणसांविषयी मला आज बोलायचे आहे.

आधी थोडी माहिती सांगते. येशूचे चरित्र सांगणारी शुभवर्तमाने चार आहेत. पण जन्माची हकिगत त्यांतल्या दोघांनीच दिली आहे, मत्तयाने आणि लूकने. मत्तय ती योसेफाच्या बाजूने सांगतो, लूक मरीयेच्या बाजूने. मेंढपाळ लूकने आणले, पूर्वेकडचे ज्ञानी लोक मत्तयाने. आपण देखाव्यात दोघांना एकाच छपराखाली उभे करतो. ज्ञानी तीन होते असेही कुठे लिहिलेले नाही. त्यांनी आणलेल्या भेटी तीन, सोने, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसेही तीन धरली. तारीखही पुस्तकात नाही. २५ डिसेंबर हा दिवस पाळण्याची चाल रोममध्ये चौथ्या शतकात दिसते. आणि गंमत अशी, की ज्या हेरोद राजाच्या कारकिर्दीत हा जन्म झाला तो इसवी सनापूर्वी ४ या वर्षी वारला असे बहुतेक इतिहासकार धरतात. म्हणजे ज्याच्या जन्मापासून सन मोजायचा, तोच सनाच्या आधी जन्मलेला! पाळकसाहेबांनी हे सांगितले तेव्हा देवळात मला हसू आवरेना.

लूकची गोष्ट सुरू होते ती एका म्हाताऱ्या जोडप्यापासून. जखऱ्या हा याजक आणि अलीशिबा ही त्याची बायको. दोघेही देवभक्त, पण मूलबाळ नाही. मूल नसलेल्या बाईला तेव्हा काय ऐकावे लागत असेल ते मी सांगायला नको. आजही हळदीकुंकवाला अशी बाई मागे मागे बसते. एक दिवस यरुशलेमच्या मंदिरात धूप जाळण्याची पाळी जखऱ्याला आली. तिथे देवदूताने त्याला सांगितले की तुला मुलगा होईल. जखऱ्याने विचारले, मी म्हातारा, बायकोही म्हातारी, मी हे कशावरून समजू? देवदूताने त्याची वाचा बंद केली. मूल जन्मेपर्यंत तो मुका झाला.

पुढे सहा महिन्यांनी तोच देवदूत नासरेथ गावी मरीयेकडे गेला. तिची योसेफाशी सोयरीक झालेली, लग्न व्हायचे होते. तुला मुलगा होईल, असे सांगताच तिनेही विचारले, हे कसे होईल, मला तर नवरा नाही. तिला मात्र शिक्षा झाली नाही. तिला नीट समजावून सांगितले गेले.

मी दहा-अकरा वर्षांची असताना शब्बाथ शाळेत हात वर करून विचारले होते, की दोघांनीही विचारलेच ना, मग म्हाताऱ्यालाच का मुके केले? बाई म्हणाल्या, असे विचारू नये. मी खाली बसले. पण प्रश्न काही खाली बसला नाही. पुढे लग्न झाले, मुले झाली, आणि पोळ्या लाटताना तो अधूनमधून डोके वर काढू लागला.

आता मला असे वाटते, की जखऱ्याला खूण हवी होती. पुरावा हातात पडल्याशिवाय तो मानणार नव्हता. मरीयेचे विचारणे वेगळे होते. हे माझ्या हातून कसे घडायचे, एवढेच तिला कळून घ्यायचे होते. शिवाय जखऱ्या जुना जाणता याजक. अब्राहाम आणि सारा यांना म्हातारपणी मूल झाल्याची गोष्ट त्याने लोकांना किती वेळा सांगितली असेल! लोकांना सांगणे सोपे असते, ते आपल्या दारात आले म्हणजे कळते. आणि ती खरोखर शिक्षाच होती का, याचीही मला शंका आहे. खूण मागितली, खूण मिळाली. घरात नवरा नऊ महिने गप्प! तुम्ही हसता, पण अलीशिबेला विचारा.

हसण्यावारी नेऊ नका, कारण यापुढचा प्रसंग आपल्या कामाचा आहे. मुलगा झाला. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी, त्यांच्यात आठव्या दिवशी सुंतेच्या विधीला नाव ठेवायचे. शेजारीपाजारी, नातेवाईक जमले आणि बापाचेच नाव ठेवायला निघाले. अलीशिबा म्हणाली, नाही, योहान ठेवायचे. तर ते तिचे ऐकेनात! तुमच्या कुळात हे नाव कोणाचे आहे, म्हणाले, आणि मुक्या बापाला खुणा करून विचारू लागले. त्याने पाटी मागून घेतली आणि बायकोने सांगितले तेच नाव लिहिले. तेव्हा त्याची वाचा मोकळी झाली.

हा योहान पुढे मोठा झाला, लोकांना नदीवर बाप्तिस्मा देऊ लागला, येणारा तो हाच म्हणून येशूकडे त्याने लोकांना बोट दाखवले. मग हेरोदाच्या मुलाने त्याला तुरुंगात टाकले, आणि तिथून त्याने आपल्या शिष्यांबरोबर येशूला निरोप पाठवला, की येणारे ते तुम्हीच ना, का आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? बापाची शंका मुलाच्या तोंडी आली. येशू त्याच्यावर रागावला नाही. जे पाहता आणि ऐकता ते त्याला जाऊन सांगा, म्हणाला, आणि मागे लोकांपाशी योहानाची थोरवी सांगितली. मला हा भाग फार आवडतो. नाताळच्या उपदेशात तो कोणी घेत नाही.

आता योसेफ. बिचाऱ्याला शुभवर्तमानात बोलायला एक शब्दही दिलेला नाही. सुताराचे काम करणारा साधा माणूस. त्या काळी सोयरीक म्हणजे निम्मे लग्नच, मोडायची तर सोडपत्र द्यावे लागे. आणि लग्नाआधी मुलीला दिवस गेले, आणि ते आपले नाहीत हे त्याला पक्के ठाऊक. मोशेच्या नियमशास्त्रात अशा मुलीला दगडमार सांगितली होती. दगडाचे राहू द्या, नुसत्या बोलण्यानेही मुलगी मरते. आपल्या आळीत अशी बातमी नळावर आधी पोचते, मग तिच्या आईला कळते.

योसेफाला मरीयेच्या सांगण्यावर विश्वास बसला असे पुस्तक म्हणत नाही. बसला असता तर सोडायचा विचार केलाच नसता. पण तो नीतिमान होता, तिची बेअब्रू करायची नाही, गुपचूप मोकळे करायचे असे त्याने मनाशी ठरवले. त्यानंतर त्याला स्वप्न पडले. भगिनींनो, हा क्रम पाहा. देवदूत मागाहून आला. दया त्याने आधी ठरवली, शंका मनात असतानाच. मला योसेफ जखऱ्याहून मोठा वाटतो तो यासाठी. पाळकसाहेबांना हे पटले नाही. ते म्हणाले, मोठेपणा मोजू नये. असेल.

मरीयाही होकार देऊन घरात बसून राहिली नाही. ती लगबगीने डोंगराळ मुलखात अलीशिबेकडे गेली. नासरेथहून यहूदीयाचा डोंगर म्हणजे शंभरावर किलोमीटर, पायी तीन-चार दिवसांची वाट. तीन महिने राहिली. मोठमोठे लोक याचा गहन अर्थ सांगतात. मला एवढेच दिसते, की घाबरलेली पोर आपल्याला समजून घेईल अशा थोरल्या बाईकडे गेली. आणि मरीयेला सगळे कळले होते असेही नाही. मेंढपाळ येऊन गेल्यावर तिने त्या गोष्टी मनात ठेवल्या, त्यांवर विचार करीत राहिली, असे लूक लिहितो. ज्याला सगळे कळलेले असते तो कशाला विचार करीत बसेल?

शंका ज्यांना मुळीच नव्हती ते या गोष्टीत दोघेच दिसतात. पूर्वेचे ज्ञानी यरुशलेमात येऊन विचारू लागले, की यहूद्यांचा राजा कुठे जन्मला? हेरोदाने शास्त्र्यांना बोलावले. त्यांनी मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आधाराने पटकन सांगितले, बेथलेहेमात. उत्तर बरोबर होते. बेथलेहेम तिथून नऊ-दहा किलोमीटर. आपण भाजीबाजाराला जाऊन येतो, तेवढे. पण एकही शास्त्री उठून गेला असे लिहिलेले नाही. परमुलखातले लोक, ज्यांना गावाचे नावही ठाऊक नव्हते, ते विचारीत विचारीत पोचले.

आणि दुसरा हेरोद. भविष्य खरे आहे यावर त्याचा पुरता विश्वास होता. म्हणून तर त्याने बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली सारी मुलगे मारवली.

इथे मला माझे सांगावे लागते. जमेल तेवढे सांगते.

आमची तिसरी मुलगी दोन महिन्यांची होऊन गेली. ताप आला, चार दिवसांत सारे संपले. तेव्हा ऑक्टोबर होता. भेटायला येणारे म्हणत, देवाची इच्छा. कोणी म्हणे, तुमची प्रार्थना कमी पडली. मी कोणाला उलट बोलले नाही, पण प्रार्थना सोडली. देवळात जाऊन बसे, गाणे सुरू झाले की ओठ मिटून घेई. डिसेंबर आला. आमच्याकडे चोवीस तारखेच्या रात्री यजमान मोठ्याने मत्तयाचा दुसरा अध्याय वाचतात. त्या रात्री ज्ञानी लोक दुसऱ्या वाटेने परत गेले, इथवर त्यांनी वाचले आणि पुस्तक मिटले. दरवर्षी तिथेच मिटत, मुलांसमोर पुढचे नको म्हणून. मी म्हटले, "पुढचं वाचा." ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वाचले.

योसेफाला स्वप्न पडले आणि तो बाळाला घेऊन मिसरात निघून गेला. बाकीच्या घरांत कोणालाच स्वप्न पडले नाही. का पडले नाही? त्या आयांनी प्रार्थना केली नसेल? मला याचे उत्तर अजून मिळालेले नाही. पाळकसाहेबांना विचारले. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मलाही ठाऊक नाही." त्या दिवसापासून त्यांच्या उपदेशावर माझा विश्वास वाढला. पण त्या रात्री एक गोष्ट माझ्या कानांवर पडली. मत्तय तिथे जुन्या शास्त्रातल्या राहेलीची आठवण काढतो. ती आपल्या मुलांसाठी रडते आणि कोणी समजूत घातली तर ऐकत नाही. पुस्तक तिला दोष देत नाही. तुझा विश्वास कमी आहे असे तिला कोणी म्हणत नाही. तिला तसेच रडू दिले आहे, ऐन नाताळच्या गोष्टीत. मी त्या रात्री पहिल्यांदा मोकळेपणी रडले, आणि झोपण्याआधी दोन शब्द प्रार्थनेचेही आले. भांडणाचेच होते, पण आले.

दुसरेही सांगायला हवे. त्या दोन महिन्यांत आमच्या शेजारच्या काकू रोज दुपारी येत. त्या विठ्ठलाच्या माळकरी. त्यांनी मला देवाविषयी अवाक्षर सांगितले नाही, त्यांच्याही नाही आणि आमच्याही नाही. येत, सूप मागून घेत, माझे तांदूळ निवडीत आणि चहा घेऊन जात. कधी डब्यात पिठले आणीत. मुलीचे नाव मात्र त्या घेत असत, जे घ्यायला सगळे घाबरत. त्या आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. नाव सांगितले तर रागावतील, म्हणून सांगत नाही. मरीया अलीशिबेकडे का गेली, ते मला त्या दुपारी कळले.

माझे बोलणे लांबले. यंदाही चोवीस तारखेला रात्री आठ वाजता आमच्याकडे वाचन आहे, तारा आजच लावला आहे. सर्वांनी यायचे, मुलांनाही आणायचे. यजमान वाचतील. आता ते ज्ञानी लोकांपाशी थांबत नाहीत.