आधी रोग ओळखा, मग बाटली घ्या

(जिल्हा बैठकीत घरच्या कांद्यावरील रोगांविषयी केलेलं भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत कांदा कशाला, असं काहींना वाटेल. आपण काही कांद्याचे बागायतदार नाही. विहिरीजवळ एक-दोन गुंठ्यांत वाफे पाडायचे आणि घरच्या भाकरीला पुरेल इतका कांदा काढायचा, एवढाच आपला कांदा. पण पीक नीट आलं तर गुंठ्याला दीड-दोन क्विंटल माल घरात येतो, तेवढे पैसे बाजारात जात नाहीत. आणि हेच पीक रोगात सापडलं की आपण जे करतो, त्यात पैसाही जातो आणि विषही घरात येतं.

पात पिवळी पडली की कपाशीचं उरलेलं औषध पंपात घालायचं. ते नसेल तर कृषी केंद्रात जाऊन म्हणायचं, "कांद्यावर रोग आहे, काहीतरी द्या." काहीतरी मागितलं की काहीतरीच मिळतं, आणि तेही उधारीत.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तसलीच औषधं आपण चुलीजवळच्या पिकावर मारायची? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ सालीच बंदी झाली. कांदा आपण कच्चा खातो, पोरं पात खुडून खातात. शिवाय करपा ही बुरशी आहे. अळी मारणाऱ्या औषधानं बुरशी मरत नाही. म्हणजे विष खाल्लं आणि रोग तसाच राहिला.

ओळख कशी पटवायची?

दुकानाची वाट धरण्याआधी वाफ्यात बसा. मधली कोवळी पात हातानं फाकवून बुडाशी पाहा. पिवळसर, बारीक, पळणारे किडे दिसले आणि पातीवर पांढुरके चट्टे असले, पात वाकडी होत असली, तर ते फुलकिडे. हेच किडे कपाशीवरही राहतात, म्हणून उभ्या पऱ्हाटीला लागून कांदा लावू नये.

पातीवर आधी पांढुरका, खोलगट डाग, मग तो मधे जांभळा होतो, कडेला पिवळा राहतो आणि पात तिथंच मोडते, तर तो जांभळा करपा. ढगाळ हवा, धुकं, पातीवर राहिलेलं दव, यात तो झपाट्यानं पसरतो. फुलकिड्यांनी पात खरवडली असेल तर बुरशीला आत शिरायला वाट आयतीच मिळते.

रोप बुडाशी कुजलं, मातीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले, तर दोष मातीत आहे. पातीवर कितीही फवारा, उपयोग नाही. ते रोप भोवतालच्या मातीसकट काढून वाफ्याबाहेर नष्ट करा.

रोग येण्याआधीचं काम

आपली जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. सपाट वाफ्यात टाकलेलं रोप पाणी साचून कोलमडतं. म्हणून रोपासाठी वीतभर उंच गादीवाफा करा, कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून घाला. गुंठाभर लागवडीला शंभर ग्रॅम बी पुरतं, जास्त टाकून दाटी करू नका. बी घरचं असेल तर करप्यानं मोडलेल्या दांड्याचे गोंडे बियाण्यात घेऊ नका.

त्याच वाफ्यात कांद्यावर कांदा किंवा लसूण घेऊ नका, मधे ज्वारीसारखं पीक येऊ द्या. लागवडीच्या महिनाभर आधी भोवती मक्याच्या दोन ओळी पेरा. फुलकिडे बरेच अडतात आणि वैरणही होते. पाणी सकाळी द्या. तुषार संच संध्याकाळी चालवला तर पात रात्रभर ओली राहते. आणि लागवडीला दोन महिने झाले की युरिया बंद. उशिरा दिलेल्या युरियानं मान जाड राहते, तो कांदा वाळत नाही, घरात सडतो.

एवढं करून फुलकिडे थोडे दिसले तर पाच टक्के निंबोळी अर्क मारा. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो कुटलेली निंबोळी. करप्याचे डाग दिसू लागले तर दहा लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब. कांद्याची पात मेणचट असते, थेंब घरंगळतो, म्हणून सोबत चिकटद्रव्य हवंच. तोंडाला फडकं, हातात मोजे, वाऱ्याच्या दिशेनं फवारणी. लेबलवरचे दिवस संपेपर्यंत पात खुडायची नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

काढणीनंतर

निम्म्या माना पडल्या की कांदा काढा. त्याच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडा. एकाची पात दुसऱ्याच्या कांद्यावर येईल असा तीन-चार दिवस शेतात पसरा, मग इंचभर मान ठेवून पात कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवा. पोत्यात कोंबू नका. तुराट्यांच्या किंवा बांबूच्या माचावर, खालून वारा खेळेल असा ठेवा. डेंगळे आणि जोडकांदे आधी खाऊन टाका. पंधरा दिवसांनी चाळा, काळी बुरशी धरलेला कांदा बाजूला काढा.

आता संघटनेचं काम. प्रत्येक गावात चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा मिळून एकमेकांचे वाफे पाहावेत. औषध घ्यावंच लागलं तर पक्कं बिल घ्या, त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. माल बनावट निघाला तर तोच कागद आपल्या हातात राहतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं एक रोगट रोप मुळामातीसकट कागदात गुंडाळून आणावं. इथंच सगळ्यांसमोर ते उघडून पाहू आणि मगच ठरवू, औषध घ्यायचं की नाही.