स्वागताध्यक्षांचे भाषण : मिरज

गावोगावहून आलेल्या डॉक्टर बंधुभगिनींनो,

विल्यम वानलेस कॅनडात जन्मले, पण 1894 साली रुग्णालय काढले ते आमच्या गावात. तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रातला आणि पलीकडे कर्नाटकातला रोगी मिरजेची वाट चालतो आहे.

वानलेस सर्वांना ठाऊक आहेत. मला सांगायचे आहेत ते डॉ. भडभडे. कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे फटाक्याने अधू झाले. उपचारांसाठी त्याला इथे आणले, पण दृष्टी काही पुरती परतेना. तेव्हा भडभड्यांनी सुचवले, याला गाणे शिकवा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेतच होते. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर! असा सल्ला देणाऱ्या डॉक्टरचे नाव आज गावात किती जणांना सांगता येईल?

सचिव घड्याळ दाखवत आहेत, विषयाकडे येतो. इन्सुलिन रेझिस्टन्सचे गणित त्यांनीच मला समजावले. उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करायचा, 405 ने भागायचे. साखर 95 आणि इन्सुलिन 6 असेल तर उत्तर 1.4. साखर तीच, पण इन्सुलिन 18 असेल तर 4.2. दोघांच्याही रिपोर्टवर साखर ‘नॉर्मल’च! आमच्या सतारमेकर गल्लीत म्हणतील, सूर लागलाय खरा, पण तार फार ताणलीय. मग आरोग्य तपासणीत नुसती साखर का बघता? प्रयोगशाळांचे इन्सुलिनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, असे कळले. तो वाद तुम्ही मिटवा. तोवर कंबरेला टेप लावायला कोणाची हरकत नसावी : पुरुषांना 90 सेंटिमीटर, स्त्रियांना 80.

आता क्षमायाचना. काहींची सोय मंगल कार्यालयात करावी लागली. तिथे गरम पाणी सातनंतर मिळत नाही. जिना चढावा लागेल, पण तुमच्यासमोर त्याची माफी काय मागायची! दोन्ही दिवसांचे जेवण साखर कारखान्याच्या एका संचालकांकडून आहे. नाव सांगू नका म्हणाले. कारण आपल्या लक्षात आले असेलच. पिशवीत बेदाण्याचे पाकीट आहे. व्यापारी मंडळींनी प्रेमाने दिले, नाही म्हणवेना. हळद, मांडव, खुर्च्या, गाड्या देणारे, रात्रभर स्टेशनवर थांबलेली कॉलेजची मुले, सर्वांचा मी ऋणी आहे.

ज्यांनी सकाळी तपासणीसाठी रक्त दिले आहे, त्यांनी उद्घाटनाची वाट न बघता आधी नाश्ता करून घ्यावा. पोहे डावीकडच्या मांडवात आहेत.